वळणावरून दिसणारी रेघ

दि. ८ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र लिहिण्याचे कारण एकच. काल आमच्या तलाव-उद्यान समितीच्या सभेत अध्यक्षांनी तुझा निरोप वाचून दाखवला. पाय मोडल्यामुळे जागा पाहायला येता येत नाही, सबब शिल्पाचे काम सोडत आहे. खाली तुझी सही. मी या समितीची सभासद, तुझी सख्खी आत्या, आणि ही बातमी मला दातांच्या डॉक्टरांच्या तोंडून कळावी? (आमचे अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. वाईट बातमी सांगण्यापूर्वी ते 'थोडे दुखेल' असे म्हणतात. कालही म्हणाले.)

फोन करता आला असता. पण फोनवर तुझे अर्धे बोलणे मला ऐकू येत नाही आणि उरलेले पटत नाही. म्हणून पत्र.

काही गोष्टी स्पष्ट करते. तुझी निवड झाली तेव्हा मतदानाच्या वेळी मी व्हरांड्यात जाऊन बसले होते. तेव्हा हे काम तुला माझ्यामुळे मिळालेले नाही, तुझ्या लहान नमुन्यांमुळे मिळाले आहे. लोकांच्या दिवाणखान्यातल्या कपाटांवर ठेवायच्या वस्तू करण्यात तुझी इतकी वर्षे गेली. आभाळाखाली उभे राहील असे हे पहिलेच काम, आणि ते तू एका चिठ्ठीवर सोडून मोकळी झालीस.

तू नाही म्हणालीस तर तिथे सिमेंटचे तीन डॉल्फिन बसणार आहेत. तोंडातून पाणी उडवणारे. साचा तयार आहे म्हणे. आपला तलाव गोड्या पाण्याचा आहे, असे मी सभेत सांगितले. मुलांना आवडतात, असे उत्तर मिळाले. तुझी ती अमूर्त कला मला कळत नाही असे नाही. आवडत नाही, एवढेच. पण डॉल्फिन त्याहून आवडत नाहीत.

तुझ्या बाबाशीही बोलले. फरशांच्या कंपनीत नक्षी निवडायची नोकरी चालून आली आहे, पोरगी कधी नव्हे ती हो म्हणायच्या बेतात आहे, तेव्हा तू मध्ये पडू नकोस, असे तो म्हणाला. तो माझा धाकटा भाऊ आहे. त्याने सांगितलेले मी आजवर कधी ऐकलेले नाही.

तर पाय तुझा मोडला आहे. माझे दोन्ही शाबूत आहेत, आणि मोतीबिंदू काढल्यापासून डोळेही. काय पाहायचे ते तू लिही, मी पाहून कळवते. अध्यक्षांकडून जानेवारीअखेरची मुदत घेतली आहे. तुझा निरोप तूर्त माझ्या पर्समध्ये आहे. सोबत जागेचे फोटो पाठवते. रस्ता आणि तलाव यांच्यामध्ये जे टेकाड दिसते, तीच जागा.

लोभ आहे. तो वाढवायचा की आहे तिथेच ठेवायचा, हे तुझ्या उत्तरावर.

आत्या


दि. १४ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग रडले, मग प्लॅस्टरच्या आत खाज सुटली म्हणून दोन्ही थांबवलं. नाव भिंगरी आणि पाय उशीवर. शिडीवरून पडले असते तर सांगायला तरी बरं वाटलं असतं. स्टुलावरून पडले, दिवा बदलताना.

तुला आधी कळवलं नाही, कारण तू हेच करशील हे माहीत होतं.

खरं सांगते. जागा न पाहता उघड्यावरचं शिल्प करणं म्हणजे अंगाचं माप न घेता झगा शिवणं. खोलीत वस्तूच्या मागे भिंत असते, ती गप्प बसते. बाहेर मागचं सगळं बोलत असतं. म्हणून सोडलं. आणि फरशांच्या कंपनीचं म्हणशील तर मी अजून होकार दिलेला नाही, ते थांबायला तयार आहेत. इतकंच ठरवलंय की हे काम झालं तर माझी पत्र्याची शेड ठेवीन, झालं नाही तर कुलूप लावून मुकाट्याने फरशा निवडेन. बाबांना फरशा हव्यात. मला काय हवंय हे तुला वेगळं सांगायला नको.

तू डोळे द्यायला निघालीस, तर माझी एक अट आहे. मला नावं नकोत. 'समोर डोंगर आहे' असं लिहिलंस तर मला काहीच दिसत नाही. डोंगर मलाही माहीत आहे. त्याची कड कुठून चढते, कुठे थबकते, हे सांग. तुझा डोळा आधी कुठे जातो, मग कुठे, कुठे अडखळतो. तू जन्मभर भूगोल शिकवलास आत्या. तुला वस्तू दिसायच्या आत तिचं नाव आठवतं. मला नकाशा नको, दिसलेलं हवं. आणि एका जागेवरून नको. लोक जिथून जातात, जिथे बसतात, तिथून सगळीकडून.

फोटो अजून आलेले नाहीत, पत्रच पुढे धावलं. ते वेगळ्या पाकिटात टाकलेस ना?

बाबा तुला नमस्कार सांगत नाहीत. रुसलेत. मी मात्र सांगते, आणि माझ्यावरचा राग पुढच्या टपालापर्यंत उतरावा, एवढंच मागते.

भिंगरी


दि. २४ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

फोटो वेगळ्या पाकिटात टाकले होते. मिळाले असतील.

तुझ्या अटीप्रमाणे पाहिले. पहिले पान फाडून टाकले, कारण त्यात 'पूर्वेकडील डोंगररांग' असे लिहून गेले होते. दुसरेही फाडले. हे तिसरे.

पंपघराकडून: काही दिसत नाही. तिथे वास येतो, लोक नाक धरून पुढे जातात. तो कोपरा सोड.

बाकांवरून: टेकाड अगदी समोर येते. मागचे पाणी झाकते. डोळा तिथेच अडून बसतो आणि कंटाळतो.

रस्त्याच्या वळणावरून: इथे रस्ता तलावाकडे वळतो, त्यामुळे टेकाड कडेने दिसते. डावीकडे माथा, उजवीकडे पाण्यापर्यंत उतरत जाणारी बाजू, पाण्यापलीकडे लांबवर निळसर कड. ती कड हळू चढते, मध्येच खाली बसते, उठल्यासारखे करते आणि पुन्हा चढते. सकाळी ती फिकी असते, दुपारनंतर गडद. मी तिथे बराच वेळ उभी होते. एका बाईंनी थांबून विचारले की काही हरवले आहे का. शोधते आहे, असे मी म्हटले. त्याही थोडा वेळ माझ्याबरोबर शोधत राहिल्या. चांगल्या होत्या.

आता एक गोष्ट, जिने तुला बरे वाटेल. जागा मी साफ करून घेतली. टेकाडाच्या माथ्यावर काळे खडक वाटेल तसे पसरलेले होते आणि त्यांच्या फटींत झुडपे. रस्त्याच्या कामाचे मशीन त्याच बाजूला आले होते. अध्यक्षांची परवानगी घेतली, मशीनवाल्याला सांगून खडक खाली ढकलले आणि माथा सपाट करून घेतला. आता टेबलासारखी जागा आहे. तू काहीही ठेव, डुगडुगणार नाही. फळा स्वच्छ असल्याशिवाय मी कधी खडू हातात घेतला नाही, आणि तुलाही घाणेरडा फळा देणार नाही.

पायाची काळजी घे. खाज सुटली म्हणून आत सळई घालू नकोस. तू घालशील, म्हणून लिहिते.

माझी माया आहेच. ती पत्रातून मोजू नये.

आत्या


दि. २८ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न.

तुझं पत्र आत्ता आलं. माझं काल टाकलंय, त्यात शिल्पाचं चित्र आहे. ते उघडू नकोस.

फोटो आल्यापासून मी त्या खडकांवरच काम करत होते. मातीचे छोटे खडक करून पलंगावर, फळीवर मांडले होते. त्यांच्यामधून बुटक्या पोलादी भिंती जाणार होत्या, खडकांना न शिवता. खडकच शिल्प होते, मी फक्त त्यांच्या मधली जागा दाखवणार होते.

तू फळा पुसलास आत्या. पण मी फळ्यावर लिहिणार नव्हते. फळ्यावर होतं तेच माझं अर्धं वाक्य होतं.

मी चिडून लिहीत नाहीये. चिडले होते तेव्हा लिहिलेलं फाडलं, तुझ्याकडूनच शिकले. टेबलावर ठेवायच्या वस्तू मी पुष्कळ केल्या. डोंगराएवढ्या टेबलावर आणखी एक ठेवायची नाही. पर्समधला निरोप अध्यक्षांना परत दे. बाबांना सांगितलंय की फरशांना हो कळवते. ते खूश आहेत, आणि खूश दिसू नये म्हणून घरभर चष्मा शोधत फिरतायत.

लोभ आहे. तो सध्या आतल्या खोलीत दार लावून बसलाय.

भिंगरी


दि. ३ डिसेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. नेहमीइतकेच, कमी नाहीत.

दोन्ही पत्रे मिळाली. चित्र उघडू नकोस असे लिहिलेस. उघडले. पाहिल्यावर मी काय केले ते मला कळले. चूक माझी आहे. जागा तुझी होती, मी तुला विचारले नाही. यावर सफाई देत नाही, सफाईनेच हे झाले आहे.

त्याच दिवशी मशीनवाल्याला गाठले. खडक परत वर ठेवू, त्यात काय एवढे, असे तो म्हणाला आणि एक आणून ठेवलाही. वळणावर जाऊन पाहिला. खोटा दिसत होता. शेवाळाची बाजू खाली, बुडाची ओली माती वर. तोंडात नवी कवळी बसवावी तसा. (ही उपमा अध्यक्षांना सांगितली नाही.) मशीनवाल्याला तो परत खाली सोडायला लावले. खडक आपला गडगडत बाकीच्यांच्या ओळीत जाऊन थांबला.

मशीनवाला निघून गेला. मी वळणावर उभीच राहिले, कारण घरी जाऊन तरी काय करणार होते. आणि उभी होते म्हणून पाहिले. जे पाहिले ते तुझ्या अटीप्रमाणे लिहिते.

वर एक सरळ रेघ. तिच्या खाली, लांब, दुसरी सरळ रेघ, चमकणारी. वरच्या रेघेच्या टोकापासून काळे ठिपके उताराने खाली निघतात. सुरुवातीला जवळजवळ, मग लांब लांब, जणू धावत सुटले. शेवटचा पाण्यात अर्धा. डोळा वरच्या रेघेवरून चालत येतो, ठिपक्यांवरून खाली उतरतो, पाण्यात शिरतो. आणि तिथून निघतो तो थेट पलीकडच्या कडेवर, ती जिथे खाली बसते नेमका तिथे. मी डोळे मिटून पुन्हा पुन्हा पाहिले. दर वेळी तसाच जातो. फक्त पाण्यापाशी त्याला उडी मारावी लागते. तिथे काहीतरी नाही. काय नाही ते मला सांगता येत नाही. ते तुझे काम.

यापूर्वी या रस्त्याने मी रोज गेले आहे आणि मला डोंगर, तलाव आणि टेकाड दिसले आहे.

हे तुझ्या समाधानासाठी लिहिलेले नाही. मी कोणाची समजूत काढत नाही, तुला माहीत आहे. नोकरीचा होकार टाकला नसशील तर पत्र मिळेपर्यंत टाकू नकोस, हे लिहिणेही मूर्खपणाचे आहे, कारण पत्र मिळेल तेव्हाच तू ते वाचशील. तरी लिहिते.

आतल्या खोलीचे दार उघडले की कळव.

आत्या


दि. ९ डिसेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. आणि आणखी एक सा. न.

होकार टाकलेला नाही. पाकीट होतं, तिकीट नव्हतं, आणि तिकिटं आणायला बाबांना चष्मा सापडत नव्हता. बाबांच्या डोक्यावर होता, मीही सांगितलं नाही.

तुझं पत्र वाचता वाचता प्लॅस्टरवरच पेन्सिलीने चित्र काढलं, कागद हाताला लागेना. डॉक्टरांनी प्लॅस्टर कापताना जपून कापायचं कबूल केलंय.

ऐक. भिंती वगैरे सगळं गेलं. एकच लांब पट्टा, जाड पोलादाचा. माथ्यावर तो जमिनीत, जमिनीच्या पातळीला. त्यावरून चाललं तरी पायाला लागू नये. मग टोकावरून खाली येतो, खडकांच्या मधून, उताराला धरून. आणि पाण्यापाशी, तुझा डोळा जिथे उडी मारतो तिथे, तो मान वर करतो. वळणावरून पाहिलं की त्याची वर गेलेली कड आणि पलीकडच्या डोंगराची कड एकच रेघ व्हायला हवी. एक पाऊल इकडे-तिकडे सरकलं की तुटायला हवी. तुटते म्हणून तर जुळते तेव्हा कळते. बाकी सगळीकडून तो आपला एक गंजका पट्टा, मुलांनी घसरायला, हातात पुस्तक घेऊन बसायला.

खडक ज्या ओळीत पडलेत ती मला सुचली नसती. मी फार विचार करून मांडले असते.

पण मान किती वर करायची, कुठल्या जागी, हे पलंगावरून ठरत नाही. त्यासाठी तू. बांबू रोव आणि दोरी बांध. सोबतच्या कागदावर कुठला कुठे ते काढलंय. मग वळणावरून पाहा आणि कुठे दोरी डोंगराला सोडते ते कळव. आणि आत्या, कृपा करून काहीही साफ करू नकोस.

दार उघडलंय. आत ये.

भिंगरी


दि. ११ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझ्या कागदाप्रमाणे बांबू रोवले. दोरी बांधली, पाहिली, कळवली; तू दुरुस्त्या कळवल्यास, त्या केल्या. काल त्याचा निकाल लागला. क्रमाने सांगते.

सभा खोलीत होती. अध्यक्षांनी डॉल्फिनचे रंगीत चित्र आणले होते. मी म्हटले, चित्र चित्रापाशी राहू द्या, आधी सगळे वळणावर चला. कुरकुर झाली. एकांचे गुडघे, एकांना सर्दी. मी छत्री उचलून चालू लागले, तेव्हा मागून आले.

वळणावर आधी हशाच झाला. ही तर दोरी आहे, कला कुठे आहे, असे एकाने विचारले. यावर कपडे वाळत घालता येतील का, असे दुसऱ्याने. येतील, पण घालू नयेत, असे मी सांगितले. अध्यक्ष मात्र दोरीकडे पाहत होते. ते एक पाऊल डावीकडे सरकले, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. शेवटी म्हणाले की शेवटून दुसरा बांबू जरा उंच आहे. तो चित्राबरहुकूम आहे, असे मी म्हटले. चित्रात असेल, पण उंच आहे. उंच-सखल मला शिकवू नका, आयुष्य त्यात गेले, असे म्हणून त्यांनी बूट काढले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि थेट पाण्याकडे उतरले. मी वळणावरून हाताने खुणा करत होते, ते बांबू ठोकत होते. एका क्षणी दोरी दिसेनाशी झाली. म्हणजे होती, पण डोंगराची कडच तिथून सुरू होते आहे असे दिसले. सर्दीवाले गृहस्थही शिंकायचे थांबले.

मतदान तिथेच झाले. नियमाप्रमाणे मी बाजूला व्हायला हवे होते, पण तिथे व्हरांडा नव्हता. म्हणून रस्ता ओलांडून पाठ करून उभी राहिले. तुझे शिल्प मंजूर झाले आहे. एक मत डॉल्फिनला पडले. कोणाचे ते मला पाठमोरीलाही कळले, पण ते अध्यक्षांचे नव्हते.

अटी दोन. कडा गोल घासलेल्या हव्यात, कारण मुले चढणारच. आणि एक गोष्ट मी स्वतः सभेपुढे ठेवली, कारण पुढे कोणी म्हणू नये की सांगितले नाही. वर्षातून काही महिने पाणी चढते. तेव्हा शेवटचा खडक पूर्ण बुडतो, आणि त्याच्या जवळचा तुझा पट्टाही बुडेल. फक्त वर केलेली मान पाण्याबाहेर राहील. हे चालणार आहे का, विचार करून कळव. बांबूची बदललेली उंची सोबत पाठवते.

तू इथे येऊन राहशील तेव्हा वरची खोली मोकळी आहे. तिथे स्टूल नाही.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारी, पण तसे न दाखवणारी,

आत्या


दि. १७ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पाण्यात बुडू दे! आत्या, हे मला सुचायला हवं होतं. कोरड्या महिन्यांत पट्टा उतरत जाताना दिसेल, भरलेल्या महिन्यांत पाण्यातून एकटंच काहीतरी वर येताना. एका शिल्पाच्या जागी दोन. जाड पत्रा घेते, पाण्याला पुरून उरेल असा.

अध्यक्षांनी ठोकलेला बांबू मी प्लॅस्टरवरच्या चित्रात ताडून पाहिला. माझंच चुकलं होतं. त्यांना सांग की माझे दात त्यांच्याचकडून काढून घेईन, वेळ आली की.

फरशांच्या कंपनीला नम्र नकार कळवला. ते नकाराचं पत्र बाबांनी स्वतः पेटीत टाकलं. परत येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून वेल्डिंगचे नवे हातमोजे घेऊन आले आणि जुने फाटले होते म्हणून आणले, असं म्हणाले. जुने फाटलेले नाहीत. तुला नमस्कार सांगतात. रुसवा गेलाय, फक्त तसं म्हणायचं नाही.

प्लॅस्टर पुढच्या आठवड्यात निघतंय. मग शेड, मग तू.

तुझी माया मी पत्रातून मोजत नाही. बांबू मोजते.

भिंगरी


दि. २३ सप्टेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तू सुखरूप पोचल्याचे कळले. तुझा एक मोजा इथे राहिला आहे, पुढच्या वेळी घेऊन जा. म्हणजे पुढच्या वेळी ये.

निघताना तू विचारलेस की मला ते आवडले का, आणि उत्तर ऐकायच्या आत गाडीत बसलीस. माझे अमूर्त कलेविषयीचे मत बदललेले नाही. सकाळचा फिरायचा रस्ता मात्र बदलला आहे. आता वळणावरून जाते. लांब पडतो. अध्यक्षही अधूनमधून तिथे भेटतात. आम्ही दोघे बोलत नाही, जरा डावीकडे-उजवीकडे सरकतो आणि आपापल्या वाटेने जातो. काल दोन अनोळखी माणसे तिथे भांडत होती, एकाला रेघ दिसत होती आणि दुसऱ्याला नाही. मी दुसऱ्याला दंडाला धरून एक पाऊल सरकवले आणि पुढे गेले. मागून आवाज बंद झाला.

समितीच्या दप्तरासाठी सुपूर्दगीची नोंद मी लिहिली आहे. तिची प्रत तुला हवी म्हणून खाली उतरवते. यात बदल सुचवू नकोस, सही झाली आहे.

तुझ्यावर जीव असलेली,

आत्या

नोंद. तलाव-उद्यानातील टेकाडावर आज रोजी शिल्पकाराने समितीस सुपूर्द केले ते असे: पोलादी पट्ट्याचे शिल्प एक, माथ्यापासून पाण्यापर्यंत, जमिनीत पक्के बसवलेले, कडा घासून गोल केलेल्या, हात फिरवून तपासल्या. त्यालगतचे सर्व खडक, ज्या जागी पडले आहेत त्या जागी. गंज काढू नये, रंग देऊ नये. आसपासचे गवत, झुडपे, दगड यांना हात लावण्यापूर्वी शिल्पकारास लेखी विचारावे. समितीच्या कोणत्याही सभासदास परस्पर ठरवता येणार नाही. हे कलम मी घातले. शिल्पाचे नाव: दिलेले नाही. ते कशाचे आहे: लिहिलेले नाही. पाहण्याची जागा: वळणावर, खूण केलेली नाही, ज्याची त्याने शोधावी. पाणी चढलेले असल्याने पट्ट्याचा खालचा भाग बुडालेला आहे, टोक पाण्याबाहेर आहे. अध्यक्षांनी व मी वळणावरून पाहून जुळते असल्याची खात्री केली. स्थिती उत्तम. सुपूर्द करतेवेळी टोकावर एक बगळा बसलेला होता. तो यात धरलेला नाही.